हरणाऱ्याचा हिशेब

धर्मकार्यासाठी काढलेल्या सोडतीचे तिकीट घेणारा मनुष्य दाता म्हणावा की द्यूतकार, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. कारण पैसे पुढे करणारा हात एकच असला तरी त्यामागे परोपकाराची आणि प्राप्तीची अशा दोन वासना एकाच वेळी वावरत असतात, आणि त्यांतील कोणत्या वासनेचा वाटा किती, हे त्या मनुष्याला स्वतःलाही सांगता येत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तापासून आपल्या परंपरेने द्यूताची निंदा केली आहे, आणि 1957 साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच परंपरेचा हवाला देऊन जुगाराला व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. असे असूनही 1969 मध्ये महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी सुरू केली, आणि पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात तर सांता काझा द मिझेरिकोर्दिया या धर्मादाय संस्थेच्याच नावाने सोडती निघत. निषिद्ध मानलेल्या गोष्टीकडूनही सत्कार्य करवून घ्यावे, हा मोह समाजाला वारंवार पडत आला आहे.

या विषयाचा पुन्हा विचार करण्यास निमित्त झाले ते टहरौलीहून आलेल्या एका पत्राचे. मराठा सुभेदार नारो शंकरांच्या व पुढे नेवाळकरांच्या काळापासून झाशीच्या मुलखात जी मराठी घराणी स्थायिक झाली, त्यांपैकी एका कुटुंबाशी आमचे नाते आहे; त्यातील माझा एक मावसभाऊ टहरौली तहसिलीत शिक्षकी करतो. त्याने लिहिले होते: ‘दादा, आमच्या शिवारातल्या हवेलीचा बांध फुटला आहे. तुम्ही वाचनालयासाठी सोडत काढली होती, तशी इथे काढावी म्हणतो. रीत कळवा.’

बुंदेलखंडातील हवेली म्हणजे वाडा नव्हे. पावसाळ्यात वरच्या अंगाच्या शेताला मातीचा बांध घालून तेथे पाणी अडवायचे, आश्विनाच्या सुमारास ते सोडून द्यायचे, आणि मुरलेल्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, अशी ही तेथील फार जुनी पद्धत आहे. ज्याचे शेत पाण्याखाली जाते त्याचा खरीप बुडतो. पण जमिनीत उतरलेल्या त्याच पाण्याने खालच्या अंगाच्या विहिरी भरतात. खडकाळ भूमी आणि लहरी पर्जन्य असलेल्या त्या प्रदेशात एकाच्या शेतातील पाण्यावर अनेकांचे पीक उभे राहते. पुढे देखभाल सुटली, बांध फुटले, आणि अलीकडे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्था व झाशीची केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था यांनी त्या जिल्ह्यात हे बांध पुन्हा उभे करण्याचे काम हाती घेतले.

भावाला उत्तर लिहिण्यापूर्वी मी आमच्या सोडतीचे दप्तर पुन्हा उघडले. वाचनालयाच्या नव्या खोलीसाठी आनंदमेळ्यात काढलेली ती सोडत लहानशीच होती: तिकिटे मेळ्याच्या आवारातच विकायची, बक्षीस रोख द्यायचे नाही, आणि समितीच्या सभासदांनी व त्यांच्या घरच्यांनी तिकीट घ्यायचे नाही, असे नियम आरंभीच ठरले होते. तिकिटे खपविण्याचे, स्थळप्रती जुळविण्याचे आणि जमाखर्च ठेवण्याचे काम माझ्याकडे होते, आणि त्या कामाने मला जे शिकविले ते पुष्कळ प्रवचनांनी शिकविले नव्हते.

पहिली गोष्ट अशी की, सोडतीची प्रतिष्ठा जिंकणाऱ्याच्या हाती नसून हरणाऱ्याच्या मनात असते. चिठ्ठी निघाली, बक्षिसाचे शिलाई यंत्र ज्याचे त्याला मिळाले, टाळ्या झाल्या, आणि व्यासपीठावरील मंडळींच्या दृष्टीने कार्य सिद्धीस गेले. परंतु ज्यांच्या पदरी काही पडले नाही, असे शेकडो लोक त्याच वेळी पायऱ्या उतरत होते, आणि खोलीची भिंत उभी राहणार होती ती त्यांच्याच पैशावर. न खपलेल्या तिकिटांच्या स्थळप्रती पेटीत टाकाव्यात की नाही, हा प्रश्न आला तेव्हा एका वृद्ध सभासदाने त्या सर्व प्रती सर्वांदेखत टेबलावर मांडल्या, एकेक क्रमांक मोठ्याने वाचला, त्यावर आडवी रेघ ओढली, आणि मगच पेटीला कुलूप घातले. हे वाचन फार वेळ चालले. तरुण कार्यकर्ते चुळबुळू लागले. पण समोर उभे असलेले लोक हलले नाहीत, कारण ते वाचन त्यांच्यासाठी होते. आपण हरलो ते केवळ दैवाने, कोणाच्या लबाडीने नव्हे, एवढा विश्वास घेऊन जो घरी जातो तो पुढच्या वर्षीही वाचनालयाचा मित्र राहतो.

दुसरी गोष्ट विक्रीची. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही त्याला तिकीट विकू नये, हा नियम कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नसला तरी नीतीच्या पुस्तकात अव्वल स्थानी असला पाहिजे. मालकाने गड्याला, मुकादमाने मजुराला, सावकाराने ऋणकोला, मास्तरांनी पोराच्या बापाला तिकीट पुढे केले म्हणजे समोरचा मनुष्य हसून पैसे देतो. पण ते देणे दानही नसते आणि खेळही नसतो, तो एक लहानसा कर असतो, आणि ज्याच्या घरात चार पैशांची ओढाताण आहे त्याच्यावर तो सर्वांत जड बसतो. पावतीपुस्तक लवकर संपविणारा कार्यकर्ता कर्तबगार दिसतो खरा. त्याचे पुस्तक कोणाकोणात संपले, हेही समन्वयकाने पाहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आशेने गोळा होणारा पैसा एकदा येतो. तो देणाऱ्याला कार्याशी बांधून ठेवीत नाही. मुंबईचा टाउन हॉल, जेथे आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सोडतीतून पैसा उभारण्यात आला. काम 1821 मध्ये सुरू झाले, पैसा मध्येच सरला, आणि उरलेला भार कंपनी सरकारने उचलल्यावर 1833 मध्ये ती वास्तू पुरी झाली. ज्यांनी तिकिटे घेतली त्यांचा संबंध सोडतीबरोबर संपला होता. अपुऱ्या भिंतींची चिंता वाहण्याचे त्यांना कारणच उरले नव्हते. आमच्या खोलीचे छप्पर गळू लागले तेव्हाही धावून आले ते तिकीटवाले नव्हेत. दरवर्षी नेमाने वर्गणी देणारी मोजकी मंडळी आली.

म्हणून टहरौलीस मी दोन कारणे कळविली. एक कायद्याचे: 1998 च्या केंद्रीय कायद्याने लॉटरी चालविण्याचा अधिकार राज्य सरकारांपुरता ठेवला आहे, उत्तर प्रदेशात सरकारी लॉटरीही बंद आहे, आणि खाजगी लॉटरीचे कार्यालय थाटणे हा पूर्वी दंड संहितेखाली गुन्हा होता तसा आज न्याय संहितेखालीही आहे; बांध कितीही पुण्याचा असला तरी त्याचा पाया बेकायदा पैशावर घालू नये. दुसरे कारण त्याहून खोल आहे. सोडतीत पुष्कळांचे थोडे थोडे जाते आणि एकाला पुष्कळ मिळते. हवेलीत एकाचे शेत बुडते आणि पुष्कळांच्या विहिरी भरतात. हे दोन व्यवहार परस्परांच्या अगदी उलट आहेत, आणि दुसऱ्याचा जीर्णोद्धार पहिल्याच्या वृत्तीने करणे विसंगत आहे. मातीचा बांध दर पावसाळ्यात खचतो. त्याला दरसाल डागडुजी लागते, आणि दरसाल लागणारी वस्तू दैवावर सोपविता येत नाही.

तेव्हा, भाऊराया, खालच्या अंगाच्या प्रत्येक विहीरधारकाकडून ऐपतीप्रमाणे पैसा किंवा श्रम घ्यावा. ज्याचा खरीप बुडतो त्याची भरपाई त्यातून आधी काढून ठेवावी. आणि दरवर्षी पेरणीपूर्वी सर्व गावासमोर जमाखर्च पै-पैचा वाचून दाखवावा. जेथे कायद्याची मुभा असेल तेथे आमच्याप्रमाणे लहानशी सोडत ज्यांना काढावयाची असेल त्यांनीही तिकिटे छापण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवावी: रिकाम्या हाताने परतणाऱ्या शेवटच्या माणसापुढे आपली कीर्द उघडून ठेवण्याची आपली तयारी आहे काय? असेल, तर ती सोडत धर्मकार्याच्या जवळ जाऊ शकते. नसेल, तर कार्य कितीही थोर असले तरी ते तिकीट छापू नये.