चिंध्यांचा परिग्रह

परिग्रह-परिमाण व्रत घेताना आपण बायका काय काय लिहितो? सोनं, साड्या, भांडी. शेत आणि घर बहुधा नवऱ्याच्या नावावर असतं, ते तो लिहितो. गोधडी मात्र कुणीच लिहीत नाही. आमच्या स्वाध्यायाच्या मंडळात मी हे विचारलं, तेव्हा एक आजी हसल्या. म्हणाल्या, "अगं, चिंध्यांचा कसला परिग्रह? फेकायचं ते शिवलं, झालं."

उत्तर पटण्यासारखं आहे, पण पुरतं पटत नाही. बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. क्षेत्र-वास्तूपासून सुरू होऊन शेवटी कुप्य आणि भांड येतात. कुप्य म्हणजे कापडचोपड. त्यात नवं-जुनं असा भेद कुठं केलेला नाही. शिवाय तत्त्वार्थसूत्र परिग्रहाची ओळख वस्तूवरून करून देतच नाही, मूर्च्छेवरून करून देतं. 'हे माझं' ही जी गुंगी चढते, तो परिग्रह. त्या मापानं मोजलं तर आईच्या लुगड्यांची गोधडी कपाटातल्या पैठणीपेक्षा मोठा परिग्रह ठरेल. पैठणी हरवली तर हळहळू आणि चार महिन्यांत विसरू. ती गोधडी हरवली तर?

आदिलाबादेत हा प्रश्न हवेतला नाही. तेलंगणात सगळ्यात कडक थंडी आमच्याकडं पडते. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, आणि पैनगंगेकडचं वारं सुटलं की एका पांघरुणानं भागत नाही. पैनगंगेपलीकडं महाराष्ट्र, अलीकडं आम्ही. मराठी दोन्हीकडं. आम्ही गोधडी म्हणतो, जाड असली तर वाकळ म्हणतो, शेजारची तेलुगु अक्का बोंता म्हणते. वस्तू एकच. खाली जुनं लुगडं, मध्ये फाटकी धोतरं, चादरी, पोरांचे सदरे, वर पुन्हा लुगडं, आणि सगळ्यावरून जवळजवळ घातलेला धावदोरा. चारही बाजूंनी आत आत जाणारा.

ती शिवायची कुणी? आमच्या आजेसासूबाई स्वतः शिवायच्या. सासूबाईही शिवायच्या. माझ्या पिढीला ओट्यावर बसून महिनाभर दोरा घालणं जमलं नाही, म्हणून आम्ही शिवणाऱ्या बाईची वाट पाहू लागलो. होळी झाली, उन्हं तापली की पैनगंगेपलीकडून दोघी-तिघी येतात. काखेत बोचकं, त्यात सुया, दोऱ्याची रिळं, कात्री, एखादं लेकरू. कापड आपलं, दोरा आपला, हात त्यांचा. एका आळीत आठ-दहा दिवस, मग पुढचं गाव. पाऊस लागायच्या आत परत.

थंडीत येणारे वेगळे. दिवाळी झाली की रस्त्याच्या कडेला उत्तरेकडच्या लोकांचे टेंपो लागतात. मागच्या हौद्यात कापूस पिंजायचं यंत्र, त्याच्याच शेजारी स्टोव्ह, डबे, अंथरूण. नवरा कापूस पिंजतो, बायको फूटपाथवर खोळ पसरून रजईला लांब सुईनं टाके घालते. पूर्वी हे काम खांद्यावर पिंजण घेऊन फिरणारे आमचे पिंजारी करत. त्या तातीचा टंग-टंग आवाज आला की आम्ही पोरी जुन्या गाद्या ओढत अंगणात आणायचो. कापूस आमच्या जिल्ह्यात पिकतो, मार्केट यार्डाबाहेर गाड्यांची रांग लागते, आणि तो पिंजून द्यायला माणसं हजार-बाराशे किलोमीटरवरून येतात. असो.

हे सगळं डोक्यात यायला कारण झाली माझी भाची. ती अमेरिकेत असते. तिच्या शेजारचं एक म्हातारं जोडपं घर विकून मोटारघरात राहायला गेलं. समुद्राच्या कडेकडेनं गावोगाव जातात, आठ-पंधरा दिवस मुक्काम करतात, आणि ती बाई घडीच्या टेबलावर शिलाई मशीन ठेवून गोधड्या शिवते. भाचीनं फोटो पाठवला. मागं निळं पाणी, पुढं रंगीत तुकडे. खाली लिहिलं होतं, "मावशी, घर विकलं, सामान वाटलं, गाडीत मावेल तेवढंच ठेवलं. हा अपरिग्रहच नाही का? आणि आपल्या साध्वीही फिरतातच की."

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न खोटा नव्हता. गाडीत मावेल तेवढंच ठेवायचं, हे परिमाणच झालं. एक साडी घ्यायची तर एक काढून टाकावी लागेल, असं कपाट आपल्यापैकी कितीजणींकडं आहे? त्या बाईनं मर्यादा घातली, आणि ती रोज पाळते. एवढं मानायलाच हवं.

पण आपल्याकडं परिग्रह-परिमाणाशेजारी दिग्व्रतही आहे, हे आपण विसरतो. कुठल्या दिशेला किती दूर जायचं, याचीही श्रावकानं मर्यादा घालायची. जितकं फिरणं जास्त, तितका आरंभ जास्त, तितकी हिंसा जास्त. म्हणजे नुसतं फिरत राहणं हे काही त्यागाचं लक्षण नव्हे. आर्यिका माताजी फिरतात त्या पायी, जीव बघत, आणि पावसाळ्यात जमीन जीवजंतूंनी भरते म्हणून चार महिने एका जागी थांबतात. अंगावर एक पांढरी साडी, हातात पिंछी आणि कमंडलू. गोधडी नाही. आमच्या गावावरून विहार झाला तेव्हा पौषातली थंडी होती. आम्ही चौघीजणी पहाटे शाली गुंडाळून गेलो, आणि माताजी लाकडी पाटावर चटई टाकून बसलेल्या. मला तेव्हा आपल्या शालीची लाज वाटली नाही, हेही सांगते. त्यांचं व्रत महाव्रत आहे, माझं अणुव्रत. माझ्या घरात सहा माणसं झोपतात, त्यांना पांघरूण लागतं.

फिरण्याची गोष्ट निघाली म्हणून बंजाऱ्यांचं सांगते. आमच्या जिल्ह्यात त्यांचे तांडे खूप. आज ते शेती करतात, पण त्यांचे पूर्वज शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून समुद्रकाठापासून आतल्या मुलखापर्यंत चालत. मोगलांच्या फौजांना रसदही त्यांनीच पुरवली. बाया बैलांबरोबर चालत, आणि मुक्काम पडला की शिवायला बसत. पिशव्या, झोळ्या, गोण्या, पांघरुणं, सगळ्यावर टाके. त्यावर कवड्या. समुद्र कितीतरी कोसांवर, आणि कवड्या आमच्या उटनूरच्या बाजारात म्हातारीच्या ओढणीवर लोंबताना दिसतात. पुढं रेल्वे आली, मीठ डब्यांतून जाऊ लागलं, इंग्रजांनी मिठावर कायदे केले, आणि तांडे जमिनीला खिळले.

किनाऱ्याकडं पाहिलं तर सिद्दी बायका आहेत. आफ्रिकेतून पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेली माणसं पळून उत्तर कन्नडच्या रानात गेली, त्यांच्या वंशातल्या या बाया यल्लापूर-हल्याळकडं आजही कौंदी शिवतात. कडेपासून सुरू करून मध्यापर्यंत टाके नेतात, आणि शेवटी चारही कोपऱ्यांत घडी घातलेल्या तुकड्यांची 'फुलं' लावतात. फुलांवाचून कौंदी त्यांना उघडी वाटते. ज्यांच्या पूर्वजांना स्वतःचं शरीरसुद्धा स्वतःचं म्हणता येत नव्हतं, त्यांच्या लेकींनी पांघरुणाला फुलं लावली. यांना जाऊन कुणी मूर्च्छा समजावून सांगावी? मला धीर होणार नाही. आणि टेंपोतल्या बाईकडं दोनच पातेली आहेत म्हणून तिला अपरिग्रही म्हणणंही मला चालत नाही. नाइलाजानं न ठेवणं वेगळं आणि असताना सोडणं वेगळं. गरिबीला व्रताचं नाव देऊन आपण आपली टोचणी कमी करतो, एवढंच.

आता आमच्या घरचं. सासूबाई गेल्या तेव्हा ट्रंकेत अकरा लुगडी निघाली. सगळी सुती. कोशातला जीव उकळून काढलेलं रेशीम त्यांनी जन्मात नेसलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, "सगळी दान करून टाकू. ठेवली की मोह आला." नणंद नांदेडहून आलेली. ती म्हणाली, "वहिनी, मला आईच्या लुगड्यांची गोधडी हवी. दुसरं काही नको." दोघींचं बरोबर होतं, आणि दोघी डोळे पुसत होत्या.

जाऊबाईंच्या बाजूनं एक गोष्ट बोलायला हवी, ती आपण सहसा बोलत नाही. साठवलेल्या कापडात जीव पडतात. कसर लागते, ढेकूण होतात. मग आपण चैत्राच्या उन्हात गोधड्या टाकतो, काठीनं झोडतो, आणि त्या जिवांचं काय होतं ते आपल्याला माहीत असतं. म्हणून कडुलिंबाचा पाला घालून ठेवायचा, दर महिन्याला सावलीत झटकायचं, वापरातच ठेवायचं. धुणं तर आणखी अवघड. भिजलेली वाकळ दोघींना उचलत नाही, आणि पाणी गाळून घ्यायचं तर बादल्या मोजता मोजता दुपार होते. परिग्रहातून हिंसा कशी येते, हे मला कुठल्या प्रवचनापेक्षा गोधडीनं नीट शिकवलं. पाच माणसांच्या घरात पंधरा गोधड्या असतील, तर दहा गोधड्या जीव पोसायला आणि मारायला ठेवल्यात.

अशात होळीनंतर शिवणारी आली. मी अकरातली आठ लुगडी तिच्यापुढं ठेवली. ओट्यावर बसून तिनं ती उलगडली, काठ बोटांनी चाचपले, विरलेली वेगळी केली. मजुरी ठरवताना म्हणाली, "वैनी, पैशे थोडे कमी द्या. पण हे हिरवं लुगडं मला द्या. पोरीचं बाळंतपण आहे आषाढात. मऊ झालंया चांगलं, लेकराखाली घालीन."

हिरवं लुगडं सासूबाई पर्युषणात नेसत.

नणंद आतून आली. म्हणाली, "वहिनी, आईचं लुगडं कुण्या रस्त्यावरच्या लेकराच्या खाली?" बाईनं ऐकलं. तिनं मान खाली घालून दोरा ओवला.

मी ते लुगडं तिला दिलं, आणि पैसेही कमी केले नाहीत. नणंदेला म्हटलं, "ताई, तुमची मुलं ज्याच्यात निजली, ते कापडही कुणाचं तरी जुनंच होतं." ती काही बोलली नाही. संध्याकाळी जेवली नाही.

त्यानंतर मी बराच विचार केला. नणंदेचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. माणूस गेल्यावर त्याच्या कापडाला धरून ठेवणं हे इतकं जगभरचं आहे की त्याला नुसती मूर्च्छा म्हणून बाजूला सारता येत नाही. १९८७च्या ऑक्टोबरात अमेरिकेत वॉशिंग्टनच्या मैदानावर एक प्रचंड गोधडी पसरली होती. एड्सनं गेलेल्या माणसांच्या नावानं त्यांच्या घरच्यांनी, मित्रांनी शिवलेले १,९२० तुकडे. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे थडग्याएवढा. त्या काळी तिथंही कितीतरी घरांनी अशा मुलांचं नाव घ्यायचं सोडलं होतं. पुढच्या वर्षी ती गोधडी गाडीत घालून चार महिने वीस शहरांतून फिरवली, आणि प्रत्येक गावी लोक आपापला तुकडा घेऊन येत, तो तिला जोडला जाई. फेरी संपताना सहा हजारांवर तुकडे झाले होते. आता तिचं वजन ५४ टन आहे. ५४ टन कापड! दहा प्रकारांपैकी कुठल्याही मापात हे न बसणारं. पण ते कुणाचं आहे? आईनं मुलाच्या सदऱ्याचा तुकडा शिवला, आणि तो सगळ्यांच्या शोकात टाकून दिला. तिला तो रात्री पांघरता येत नाही, ट्रंकेत ठेवता येत नाही.

मला वाटतं, प्रश्न कापड ठेवलं की दिलं हा नाही. हिरवं लुगडं त्या लेकराखाली गेलं तेव्हा सासूबाईंची आठवण कमी झाली नाही. उलट आषाढ लागला की मला दोघी आठवतात, सासूबाई आणि कधीच न पाहिलेलं ते लेकरू. जाऊबाई म्हणतात, हाही मोहच, फक्त लांबचा. असेल. जाऊबाईंशी वादात मी फारशी जिंकत नाही.

भाचीला मी शेवटी एवढंच लिहिलं, की तुझ्या शेजारणीला विचार, ती शिवलेल्या गोधड्या काय करते. उत्तर आलं. थोड्या विकते, थोड्या दवाखान्यातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देते, आणि गाडीत फक्त दोन ठेवते. दोनच, कारण तिसरीला जागा नाही.

ते वाचून मी आमच्या माळ्यावरच्या गोधड्या खाली काढल्या. एकोणीस निघाल्या. माणसं सहा, पाहुण्यांसाठी तीन धरल्या तर नऊ. दहा झटकून, सावलीत वाळवून, जानेवारीत केस्लापूरच्या नागोबा जत्रेला निघालेल्या बैलगाड्यांत दिल्या. ती मंडळी रात्री झाडाखाली मुक्काम करतात, आणि तिथं थंडी आमच्याहून जास्त. गोदावरीचं पाणी आणायला मेस्राम कुळातली माणसं त्याआधी कित्येक दिवस अनवाणी चालून आलेली असतात. एका म्हातारीनं गोधडी उलटसुलट करून बघितली, टाका ओढून बघितला, आणि गोंडी वळणाच्या मराठीत विचारलं, "हे कोणाच्या हातचं?" आजेसासूबाईंच्या हातचं होतं. मी नाव सांगितलं. तिनं ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि गोधडी गाडीत टाकली.

वहीत आता 'कुप्य' खाली साड्यांच्या ओळीनंतर लिहिलंय, गोधड्या नऊ. नणंदेची तिच्याकडं नांदेडला आहे. ती ती पांघरत नाही. पाला घालून ट्रंकेत ठेवली आहे, आणि दर महिन्याला सावलीत झटकते, असं तिची सून सांगत होती.