दुसऱ्याचा अंगठा

वऱ्हाडांतील आपल्या वाडवडिलांनीं अंगठा उमटविला तो बहुधा सावकाराच्या कागदावर. त्या कागदांत काय लिहिलें होतें, हें लिहिणारासच ठाऊक. आज अमरावती व अकोला जिल्ह्यांतील गांवांत तोच अंगठा एका लहानशा यंत्रावर ठेवितात, आणि मनुष्य स्वतःच्या खात्यांतील पैसे घराजवळच काढून घेतो. हा पालट थोडा नव्हे. २००६ सालीं रिझर्व्ह बँकेनें बँकांस गांवांत प्रतिनिधि नेमण्याची मुभा दिली. पहिला आधार क्रमांक २०१० सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली येथें दिला गेला. २०१४ च्या ऑगस्टांत जनधन खातीं निघूं लागलीं. मोबाइलवरूनहि देवघेव होऊं लागली. मेळघाटांतील मजुराला बँकेच्या एका फेरीपायीं दिवसाची मजुरी बुडवावी लागे, तें संकट पुष्कळ कमी झालें. याबद्दल देवाचे आभार मानावे.

परंतु प्रियहो, यंत्रावरील आंकडा वाचतो कोण? विधवा पांचशें मागते. प्रतिनिधीनें हजार लिहून पांचशें तिच्या हातावर ठेविले, तर तिला कसें कळावें? किंवा "अंगठा उमटला नाहीं, पुन्हां ठेवा" असें म्हणून तो दोनदां रक्कम काढील. कापूस वेंचून व निंदण करून ज्यांचीं बोटें झिजलीं, त्यांचा अंगठा खरोखरच पुष्कळदां उमटत नाहीं; म्हणून ही लबाडी खऱ्यासारखी दिसते.

कोणी म्हणेल, "मी दिवसभर यंत्र घेऊन बसतों, दहा रुपये ठेविले तर काय बिघडलें?" बँक त्यास कमिशन देते, व बँकेच्या कामाबद्दल गिऱ्हाइकापासून परस्पर पैसे घेऊं नयेत असा नियम आहे. कमिशन अपुरें असेल तर तंटा बँकेशीं आहे, विधवेशीं नव्हे. आंधळ्याच्या वाटेंत अडखळण ठेवूं नये, अशी मोशेच्या नियमशास्त्रांत आज्ञा आहे. ज्याला अक्षर दिसत नाहीं तोहि त्याच वाटेवरचा.

याहून सूक्ष्म दोष भल्या माणसाचा. शिकलेला उपदेशक दया करून चौघांचे मोबाइल व पिन स्वतःजवळ ठेवितो. तो एक पैसाहि घेत नाहीं. पण ज्याला मोठें करावयाचें त्याला तो लेंकरूंच ठेवितो, आणि उद्यां त्याच्या जागीं येणारा तसाच निघेल असें कोणी सांगावें? माझ्या मतें ही सेवा अपुरी आहे. शास्त्र वाचतां यावें म्हणून मिशनांनीं शाळा काढल्या. मग शून्यापासून नवापर्यंतचे इंग्रजी आंकडे शिकविण्यास किती रविवार लागतील? उपासना संपल्यावर एक जुनी पावती घेऊन बसावें: ही काढलेली रक्कम, ही शिल्लक. पावती घेतल्याशिवाय उठूं नये, व फसवणूक झाली तर त्याच दिवशीं बँकेस आणि १९३० या क्रमांकावर कळवावें, हेंहि त्याच वेळीं सांगावें.