शांत गाव कोणाचे?

सुटी जवळ आली की आपल्या मंडळीत प्रश्न निघतो, यंदा कोठे जावे? उत्तरही बहुधा ठरलेले असते : जेथे गर्दी नाही अशा ठिकाणी. यात गैर काही नाही. वर्षभर राजवाड्याच्या आणि सियागंजच्या वर्दळीत कान किटलेल्या इंदूरकराला शांततेची भूक लागणारच. मार्काच्या सहाव्या अध्यायात थकलेल्या शिष्यांनाही एकांती नेलेच होते. आणि तेथेही लोकसमुदाय त्यांच्या आधी जाऊन पोहोचला होता, हे आपण जाणतोच. परंतु ज्या गावी आपल्याला शांतता लाभते, त्या गावच्या शांततेवर आपला हक्क किती? आणि असे गाव सापडले तर ते चारचौघांना सांगावे, की आपल्यापुरते झाकून ठेवावे? हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो, पण आम्हांला तसा वाटत नाही.

काही दिवस आम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवबाग येथे राहिलो. मालवणच्या दक्षिणेस तारकर्लीच्या पुढे एका बाजूस अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदी, आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी, असे हे गाव. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, २०२१ मध्ये चिपी येथे विमानतळही आला. आता नदीच्या मुखाजवळच्या वाळूच्या बेटावर यांत्रिक होड्यांचे खेळ चालतात. तरीही खेळांची जागा सोडून दोन हाका पलीकडे गेले की माडांची सळसळ तेवढी ऐकू येते.

ही शांतता कशाची बनलेली आहे हे कळायला मात्र दोन दिवस लागतात. दुपारी गाव निजलेले दिसते, कारण ते पहाटेच्या अंधारात उठलेले असते. कित्येक घरांना कुलपे असतात, कारण घरची माणसे मुंबईला पोटासाठी गेलेली असतात आणि ती चतुर्थीला किंवा मे महिन्यात येतील. आपण ज्याला निवांतपणा म्हणतो त्यात कोणाची थकलेली झोप असते, कोणाचा विरह असतो. शहरातून आलेला मनुष्य म्हणतो, 'येथे काळ थांबला आहे.' ज्याच्या मुलाला गावात काम मिळाले नाही, त्या बापासमोर हे वाक्य उच्चारून पाहावे.

एका सकाळी रापण पाहिली. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे टाकीत जातात, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात, आणि मग बायकापुरुषांची रांग तासन्‌तास दोर ओढीत राहते. मिळेल त्या मासळीचे वाटे पडतात. त्या दिवशी काही पाहुणे दोराच्या आतच उभे राहून फोटो काढीत होते. एका म्हाताऱ्याने त्यांना हाताने बाजूस व्हायची खूण केली, तेव्हा त्यांतील एकाने आपण खोलीचे किती पैसे भरले आहेत ते मोठ्याने सांगितले. रात्री हीच मंडळी वाळूत मोठमोठ्याने गाणी लावून बसली होती. ते कोठले होते हे आम्ही विचारले नाही. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिले येणारे आमचे इंदूर; त्या शहराचे ते नसावेत अशी आशा करीत आम्ही खोलीत परतलो.

कोकणात ठिकठिकाणी पाटी दिसते, 'येवा, कोकण आपलाच आसा.' यजमानाच्या तोंडी 'आपलाच' हा शब्द केवढा उदार आहे! परंतु कित्येक पाहुणे तो खरेदीखताप्रमाणे वाचतात. पैसे देऊन खोली मिळते, जेवण मिळते. ओढणाऱ्याचा दोर आणि गावाची झोप या गोष्टी बिलात धरलेल्या नसतात.

याचा एक जुना दाखला मराठी मंडळ्यांच्या इतिहासाला लागून आहे. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, ज्यांच्या मिशनने १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केले, त्याच बोर्डाचे मिशनरी १८२० साली हवाई बेटांवर पोहोचले. तेथील लोक लाकडी फळी घेऊन समुद्रात शिरत आणि लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे येत. राजेराण्यांपासून कोळ्यांपर्यंत सर्वांचा हा आवडता खेळ, म्हणजेच आजचे सर्फिंग. हायरम बिंगहॅम या मिशनऱ्याने १८४७ च्या आपल्या ग्रंथात हा खेळ मागे पडल्याचे नमूद केले, आणि त्याचे श्रेय वाढती सभ्यता, उद्योगशीलता व धर्म यांना दिले. बाहेरून आलेल्या रोगांनी तेथील प्रजेची केवढी हानी केली, तेही त्या हिशेबात धरावयास हवे होते असे आम्हांला वाटते. पुढे विसावे शतक उजाडताच वायकीकीच्या किनाऱ्यावर प्रवासी लोटले आणि तोच खेळ त्यांच्यासाठी आकर्षण म्हणून मांडला गेला. आधी ज्याला आळस म्हटले, त्याचीच नंतर जाहिरात झाली! दोन्ही वेळा निवाडा करणारे बाहेरचे होते.

आज आपल्या देशातही कर्नाटकात मुल्की आणि चेन्नईजवळ कोवलम ही गावे या खेळासाठी प्रसिद्ध झाली आहेत. कोवलमची कोळ्यांची मुले स्वतः तरबेज होऊन शहरातील लोकांना शिकवितात. लाटेचे ज्ञान त्यांच्या घरचे आहे, आणि तेथे ते पाहुण्यांचे गुरू आहेत. ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे. 'कोणाला सांगू नका, गाव बिघडेल,' असे म्हणणारे काही सज्जन आम्हांला भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यात एक छुपी मालकी आहे. स्वतः जाऊन आल्यावर दार लावून घ्यायचे, आणि ज्या बाईने मुलीच्या फीसाठी ओसरीच्या दोन खोल्या केल्या तिचे गिऱ्हाईक आपणच अडवायचे! उलट, दिसेल त्याला पत्ता वाटणारेही तिचा विचार करतात असे नाही. बोलका आणि मुका, दोघेही गावाला न विचारता गावाचा निकाल लावतात.

आमच्या शब्बाथ शाळेच्या एका शिक्षकांनी देवबागचा पत्ता मागितला. तीस मुलांना मेमध्ये समुद्र दाखवायचा त्यांचा बेत होता. त्यांतील बहुतेकांनी नर्मदेपेक्षा मोठे पाणी पाहिलेले नाही. आम्ही त्यांच्यासमोरच आमच्या यजमानीण काकूंना फोन लावला. तीस हा आकडा ऐकून काकू थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, मेमध्ये नको, तेव्हा विहीर मचूळ होते आणि मुंबईची माणसेही घरी असतात. डिसेंबरात या. माझ्याकडे आठ मुले मावतील, बाकीच्यांसाठी शेजारच्या तीन घरी विचारून सांगते. आणि मुलांना दोर ओढायची हौस असेल तर पहाटे उठायची तयारी हवी, रापण कोणासाठी थांबत नाही.

शिक्षकांनी वहीत मे खोडून डिसेंबर लिहिले.