अमेरिकेचा कौल

२७ एप्रिल २००२ या तारखेच्या अमेरिकन 'बिलबोर्ड हॉट १००' यादीत एकाही ब्रिटिश कलावंताचे गाणे नव्हते. १९६३ नंतर असे पहिल्यांदाच घडत होते, आणि ब्रिटनच्या संगीतव्यवसायाला ते फार लागले. त्याच वर्षी ईएमआय कंपनीने ब्रिटिश गायक रॉबी विल्यम्सशी सुमारे आठ कोटी पौंडांचा करार केला. मायदेशी त्याच्या नावावर गर्दी लोटत होती. पुढच्या ऑगस्टमध्ये नेबवर्थच्या मैदानावर तीन रात्रींत पावणेचार लाख लोक त्याला ऐकायला आले. अमेरिकेत मात्र त्याचे बस्तान कधी बसले नाही, आणि आजही त्याच्याविषयी लिहिताना अमेरिका काही जमली नाही, हे शेपूट जोडले जातेच. पावणेचार लाख माणसे समोर उभी असताना, जे आलेच नाहीत त्यांच्या आधारावर एखाद्याला अपुरा ठरवायचे, हा हिशेब मला निव्वळ बाजाराचा वाटत नाही. कामाची किंमत कुठे असते, कामात की दूरच्या कोणाच्या पसंतीत, हा जुना धर्मप्रश्न त्यात आहे. माझे म्हणणे असे, की अमेरिकेची इच्छा धरण्यात काही गैर नाही. आपल्या कामाचा निवाडा तिच्या हाती सोपवणे ही मात्र चूक आहे, आणि जे जिंकले त्यांच्या बाबतीतही ती चूकच राहते.

जिंकलेल्यांपासूनच सुरुवात करू. बीटल्सचे 'शी लव्ज यू' ब्रिटनमध्ये तुफान खपले, पण ईएमआयच्याच मालकीच्या अमेरिकन कॅपिटॉल कंपनीने ते नाकारले. शेवटी फिलाडेल्फियाच्या 'स्वान' नावाच्या लहानशा कंपनीने सप्टेंबर १९६३ मध्ये ती तबकडी बाजारात आणली. ती पडून राहिली. मग कॅपिटॉलने पुढचे गाणे घेतले, जाहिरातीवर पैसा ओतला आणि ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी या चौघांना पाहिले. २१ मार्चला स्वानची तीच तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती. मधल्या सहा महिन्यांत गाण्यातला एक सूरही बदललेला नव्हता. निवाडा जर खरोखर कामाबद्दल असता, तर एकाच ध्वनिमुद्रणाला सप्टेंबरमध्ये टाकाऊ आणि मार्चमध्ये थोर म्हणावे लागले असते. मानसन्मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर जास्त अवलंबून असतो, म्हणून तो माणसाचे अंतिम श्रेय होऊ शकत नाही, असे ॲरिस्टॉटल सांगतो. गीता तेच अधिक नेमकेपणाने सांगते: अधिकार कर्मापुरता, फळापुरता नाही. हा त्यागाचा उपदेश म्हणून आपण उगाच हळवेपणाने ऐकतो. मला त्यात वस्तुस्थितीचे साधे वर्णन दिसते. फळ अनेक कारणांनी येते, आणि करणारा त्यांतले फक्त एक कारण असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मग धडपड करायचीच कशाला? टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले ते नेमके या आक्षेपाला उत्तर म्हणून. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे कर्म सोडणे नव्हे, आणि हेतू न धरता काम करणेही नव्हे. विमानाचे तिकीट काढावे, गावोगावच्या रेडिओ केंद्रांवर जावे, लहान सभागृहांत वाजवावे, कराराची कलमे नीट वाचावीत. हे सगळे कर्मातच मोडते. बरोबर हिंडणाऱ्या तंत्रज्ञांची पोटे त्यावर चालतात, तेव्हा त्यात हयगय करणे उलट अधर्म ठरेल. प्रश्न एवढाच उरतो, की तिकडून नकार आला तर कलावंत आपल्या गाण्याकडे कोणत्या नजरेने पाहतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण किंक्स या लंडनच्या बँडचे. १९६५ च्या दौऱ्यानंतर अमेरिकन वादकांच्या संघटनेने त्यांचे परवाने रोखले, कारण कधी नीट सांगितले नाही, आणि १९६९ पर्यंत त्यांना अमेरिकेत वाजवता आले नाही. ब्रिटिश बँडांचा तिथे सुकाळ होता ती चार वर्षे. या काळात बँडचा गायक-गीतकार रे डेव्हिसने ज्या गोष्टींवर गाणी लिहिली त्या अमेरिकेत कोणी मागितल्या नव्हत्या: वॉटर्लू पुलावरची संध्याकाळ, वाफेचे शेवटचे इंजिन, फोटोंचा जुना अल्बम, हरवलेला शाळासोबती. याच ओघात जमलेली 'व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी' ही तबकडी २२ नोव्हेंबर १९६८ ला निघाली, तीही बीटल्सच्या 'व्हाइट अल्बम'च्याच दिवशी, आणि दोन्ही देशांच्या याद्यांत तिला जागा मिळाली नाही. आज ती त्या दशकातल्या उत्तम कामांत गणली जाते. डेव्हिसने हा मार्ग पूर्ण स्वेच्छेने निवडला असे म्हणणे खोटे होईल. दार बाहेरूनच बंद झाले होते. पण बंद दारापुढे ताटकळत बसण्याऐवजी तो कामाला लागला. दुसऱ्याचे मनोहर वाडे पाहून आपले गवताचे खोपट मोडायचे का, असा प्रश्न ज्ञानेश्वरांनी स्वधर्माच्या विवेचनात विचारला आहे. डेव्हिसने ते मोडले नाही.

इथे स्वधर्म हा शब्द येतो आणि त्याबरोबर सर्वांत गंभीर आक्षेपही. या शब्दाने शतकानुशतके माणसांना जन्माच्या कामाला जखडून ठेवले. चातुर्वर्ण्याला गीतेने तात्त्विक आधार पुरवला, ही आंबेडकरांची टीका बाजूला सारून स्वधर्माविषयी बोलणे मला प्रामाणिक वाटत नाही. म्हणून पॉपचा इतिहास इथे उपयोगी पडतो. त्यात जन्मसिद्ध असे जवळजवळ काहीच नाही. बीटल्सनी अमेरिकेला जे विकले ते बऱ्याच अंशी चक बेरी, लिटल रिचर्ड यांच्यासारख्या कृष्णवर्णीय अमेरिकनांकडून शिकलेले होते. हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्ररात्र वाजवून ते त्यांच्या अंगात मुरले. ब्लर या बँडने १९९२ चा अमेरिकन दौरा वैतागात काढला आणि परतल्यावर मुद्दाम इंग्रजी वळणाची 'मॉडर्न लाइफ इज रबिश' केली. इथवर सगळे माझ्या सोयीचे आहे. पण अमेरिकेत त्यांना घरोघरी पोचवले ते १९९७ च्या 'साँग २' ने, आणि ते गाणे अमेरिकन गिटारवाद्यांच्या ढंगातले होते. हा स्वधर्माचा त्याग म्हणायचा का? मला तसे वाटत नाही, कारण त्यांचा गिटारवादक ग्रॅहॅम कॉक्सन याला त्या संगीताची खरी ओढ होती. आणि पांचगणीच्या शाळेत पियानो शिकलेला, झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारूख बलसारा लंडनमध्ये फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याचा स्वधर्म कोणत्या मातीतून काढणार? स्वधर्माला काही अर्थ उरायचा असेल तर तो जन्मातून काढून साधनेत ठेवावा लागतो. जे माणसाने स्वतः कमावले, ज्याच्याशी खोटेपणा केला तर त्याला स्वतःलाच कळतो, ते त्याचे. इंग्रजीपणा जपणे हाही, तो केवळ ठसा म्हणून मिरवला, तर परधर्मच.

फ्रेडीच्या बँडचीच गोष्ट पुढे पाहावी. १९८० मध्ये क्वीनची दोन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती. १९८४ मध्ये 'आय वाँट टू ब्रेक फ्री'च्या चित्रफितीत चौघांनी बायकांचे कपडे घातले; मिशा तशाच ठेवून, काळा चामडी स्कर्ट घालून फ्रेडी घरात व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होता. ही 'कॉरोनेशन स्ट्रीट' या मालिकेची थट्टा होती, आणि ती मालिका घरोघरी पाहणाऱ्या ब्रिटिशांना ती लगेच कळली. तिथे गाणे तिसऱ्या क्रमांकावर पोचले, अमेरिकेत पंचेचाळिसाव्यावर अडले. या चित्रफितीने तिकडे आपले नुकसान केले, असे क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने पुढे सांगितले आहे. १९८२ नंतर फ्रेडीसह क्वीनने अमेरिकेचा दौरा केलाच नाही. नोव्हेंबर १९९१ मध्ये फ्रेडी गेला, आणि १९९२ च्या 'वेन्स वर्ल्ड' या विनोदी चित्रपटातल्या मोटारीतल्या एका प्रसंगामुळे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेले. १९७६ मध्ये ते नवव्यावर थांबले होते. आपल्याशी खरे राहिले की शेवटी अमेरिका मिळतेच, असा निष्कर्ष यातून कोणी काढेल, पण तो मला मान्य नाही. फ्रेडीला त्यातले काहीच मिळाले नाही, आणि ज्यांना कधीच काही मिळाले नाही अशांची नावे आपल्यापर्यंत येतच नाहीत. उशिरा आलेल्या यशाने काम खरे ठरवायचे, तर निवाडा पुन्हा अमेरिकेच्याच हाती दिला, फक्त तारीख पुढची घेतली.

शेवटचा आक्षेप संगीताच्या स्वभावातला आहे. गाणे ऐकणाऱ्यावाचून पुरे होत नाही, मग कलावंताने श्रोत्याबद्दल उदासीन कसे राहावे? राहूच नये. पण श्रोता म्हणजे कानांची मोजदाद नव्हे. रे डेव्हिस तेरा वर्षांचा होण्याच्या आदल्या दिवशी, १९५७ मध्ये, त्याची थोरली बहीण रेने लंडनच्या लायसियम नृत्यगृहात नाचताना मरण पावली. त्याच वाढदिवसासाठी तिने त्याला गिटार दिली होती. पंचवीस वर्षांनी त्याने 'कम डान्सिंग' लिहिले. त्यात नृत्यगृह पाडले जाते, बहीण मात्र जगते, मुलींची आई होते. हे गाणे रेनेला उद्देशून होते, आणि ती ते ऐकणार नव्हती. तरीही त्यात श्रोत्याची कदर शब्दाशब्दांत आहे: तपशील स्पष्ट, चाल नाचती, दुःख कुठेही लादलेले नाही. १९८३ मध्ये लंडनची असली नृत्यगृहे कधीही न पाहिलेल्या अमेरिकन तरुणांनी ते सहाव्या क्रमांकावर नेले. त्यांना ते का भावले याची कारणे शोधता येतील, त्यांत नव्या एमटीव्ही वाहिनीचा वाटा मोठा होता. ती वाहिनी नसती आणि गाणे साठाव्या क्रमांकावर थांबले असते, तरी डेव्हिसला त्यातली एकही ओळ वेगळी लिहावी लागली नसती.