उन्हाच्या वेळापत्रकाने

मे महिन्यात सोलापुरात कुणी "यंदा कुठं?" असं विचारलं, की त्याला "यंदा थंड कुठं?" असंच विचारायचं असतं. उत्तरंही ठरलेली आहेत. महाबळेश्वर, कोकण, ऐपत असेल तर मनाली. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जाणाऱ्या गावातल्या माणसाला थंडाव्याची ओढ वाटली तर त्यात गैर काही नाही. पण सुट्टी म्हणजे उन्हापासून पळून जाणं, ही कल्पना आपल्याकडे तितकीशी जुनी नाही. १८२८ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने महाबळेश्वरला हवापालटासाठी वस्ती वसवली आणि पुढे ऐन उन्हाळ्यात सरकारचं बिऱ्हाडच तिकडे हलू लागलं. साहेबाच्या अंगाला हे ऊन सोसत नव्हतं, त्यामुळे त्याचं वागणं समजण्यासारखं आहे. साहेब गेला, बिऱ्हाड हलवण्याची सवय मात्र आपण चालू ठेवली.

आपला जुना उन्हाळी प्रवास वेगळ्याच कारणांनी होत असे. रब्बीची सुगी उरकलेली, रान मोकळं, ज्वारी घरात आलेली, शाळा बंद. मग लग्नं, जत्रा, कुलदैवत, माहेरपण. जिथे जायचं ते गाव थंड आहे की गरम, हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नसे, कारण तिथे आपलं माणूस असे. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झालेली बार्शी लाइट ही अडीच फुटी रुळांची गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, पुढे लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. तिच्या डब्यांतून कित्येक पिढ्या भर उन्हात मामाच्या गावाला गेल्या. आता तो सगळा मार्ग रुंद झाला आहे आणि ती गाडी फक्त म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उरली आहे.

त्या प्रवासात जोडपं नव्हतं, हे मात्र विसरायला नको. बाई मुलांना घेऊन माहेरी जाई, नवरा गिरणीच्या पाळीवर असे आणि सुट्टी संपता संपता आणायला येई. नवरा-बायकोने मिळून, घरच्यांना बरोबर घेऊन, नुसतं बघायला आणि खायला बाहेर पडावं, ही आमच्यासारख्या घरांत अलीकडची गोष्ट आहे. ती कशी करायची याचा वारसा घरात नाही. म्हणून आपण ती टूर कंपन्यांच्या जाहिरातींतून उचलतो. तिथे डोंगर असतो, धुकं असतं, समुद्र असतो. माळरान नसतं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारीपाजारीच फिरायचं ठरवलं. कारण काही उदात्त नव्हतं. सासूबाईंचे गुडघे, सुट्टीला आलेली नणंद आणि तिची दोन मुलं, शिवाय एवढ्या सगळ्यांना महाबळेश्वरी दर परवडेना. सासूबाईंना बेत सांगितला तर त्या म्हणाल्या, "ऊन कमी पडलंय होय तुम्हाला? पहाटं निघा, अकराला घरात या. एवढं करणार असाल तर मी येते की." आमच्या उन्हाळ्याचा सगळा नियम या दोन वाक्यांत होता. पहाटे पाचला निघायचं, ऊन चढायच्या आत घरी यायचं, दुपारी आंबील पिऊन पडदे ओढून झोपायचं आणि सहानंतर पुन्हा बाहेर. पर्यटनाच्या कुठल्याही माहितीपत्रकात हे वेळापत्रक सापडत नाही. त्यांचा दिवस हॉटेलच्या नाश्त्यानंतर, नऊ वाजता सुरू होतो.

खरं तर या मुलखाने उन्हाचा विचार फार आधीपासून केलेला आहे. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्ग. किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीत बांध घातला आणि त्या बांधाच्याच पोटात पाणीमहाल बांधला. त्यावरचा शिलालेख १६१३ सालचा. लोक पावसाळ्यात जातात, नर-मादी धबधबे पाहायला. बांधावरून पाणी कोसळत असतं आणि आत बसलेल्याला ते डोळ्यांसमोर पडताना दिसतं, हे सगळं खरंच. पण पाणीमहालाची अक्कल कळायची तर उन्हाळ्यातच जावं. बाहेर बुरुजाचा दगड सकाळी नऊलाच हात लावू देत नाही, आणि जिना उतरून आत गेलं की अंगावरचा घाम गार होतो. एवढी जाड भिंत आणि तिच्या पाठीशी पाणी, दुसरी काही यंत्रणा नाही. नणंदेचा मुलगा एसी कुठे आहे ते शोधत होता. पंढरपुरात विठ्ठलालासुद्धा गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत चंदनउटी लावतात. देवाला कुणी थंड हवेच्या ठिकाणी नेत नाही. तो जागेवरच राहतो, दिनक्रम बदलतो.

खाण्याचंही असंच. सोलापूरची म्हणून जी दोन नावं बाहेर पोचली, ती कडक भाकरी आणि शेंगा चटणी. दोन्ही प्रवासाचे जिन्नस आहेत आणि दोन्ही उन्हाचे. ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पाऊस संपता संपता भीमेकाठच्या काळ्या जमिनीत पेरायची आणि त्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर व दवावर वाढवायची, असं हे पीक. त्या पिठाची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि पार वाळवायची, इतकी की मोडताना कट्ट आवाज आला पाहिजे. पाण्याचा अंश राहत नाही, म्हणून बुरशीला काही काम उरत नाही आणि ती महिनाभर सहज टिकते. हीच भाकरी कोकणात नेली तर दोन दिवसांत मऊ पडेल. आमच्या हवेत ओल नाही, ही आमची कायमची तक्रार. भाकरी त्याच कोरडेपणावर उभी आहे. चटणीत भाजके दाणे, लसूण, तिखट, जिरे, मीठ. उखळात तेल सुटेपर्यंत कुटली की चव्वेचाळीस अंशांतही तिला काही होत नाही. दही मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी अडत नाही.

पण या भाकरीपाशी मला जरा थांबायचं आहे. माझ्या आईच्या काळी प्रवास म्हणजे आदल्या रात्री दशम्या आणि भाकऱ्या. निघायच्या दिवशी बाई घरातली सगळ्यात दमलेली व्यक्ती असे. सहल सगळ्यांची, सुट्टी बाई सोडून बाकीच्यांची. आज कडक भाकरी पाकिटात मिळते. सोलापुरात आणि आसपासच्या गावांत हे बायकांनी उभं केलेलं काम आहे, कुठे घरगुती, कुठे बचतगटाचं. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात मला आदल्या रात्री झोप मिळाली. म्हणजे काम नाहीसं झालं असं नाही. मेच्या दुपारी चुलीपुढे दुसरी कुणी तरी बसली होती, फक्त तिला त्याचे पैसे मिळत होते. मला हा फरक मोठा वाटतो. फुकट राबणारी बाई आणि मोबदला घेऊन राबणारी बाई यांना 'दोघी कष्टच करतात' म्हणून एका ओळीत बसवता येणार नाही. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. महामार्गावरच्या ढाब्यात बाटलीतल्या पाण्याला छापील किमतीहून जास्त पैसे मुकाट्याने मोजणारा माणूस भाकरीच्या पाकिटावर पाच रुपये कमी करा म्हणून हटून बसतो. माझा नवरा त्यातलाच होता. आता नाही.

संध्याकाळी गाव खरं उघडतं. सिद्धेश्वर तलावाचा काठ, भुईकोट किल्ल्यालगतची हुतात्मा बाग, पार्क मैदानाशेजारची चौपाटी. भेळ, पावभाजी, लस्सी, आणि मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू एकाच बाकावर. बागेचं नावही एका उन्हाळ्यातूनच आलं आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात गोळीबार झाला आणि मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिलं. लस्सी पिताना हे सांगितलं तर मुलं ऐकतात, असा माझा अनुभव आहे. पाठ्यपुस्तकातून ऐकत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळत राहिलं ते उजनी. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं, साठा ११७ टीएमसी. यातला निम्म्याहून अधिक मृत साठा. म्हणून उन्हाळ्यात उपयुक्त पाणी संपलं की आमच्याकडची वर्तमानपत्रं 'उजनी वजा' असं छापू लागतात. वजा दहा, वजा तीस. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा वजा ५९ टक्क्यांपर्यंत गेला होता. शून्याच्या खालचं पाणी मोजायची सवय झालेला जिल्हा महाराष्ट्रात दुसरा असेल असं वाटत नाही. पाणी असं खाली गेलं की इंदापूर तालुक्यात पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ वर येतं. आधी शिखर, मग मंडप, मग भोवतालचे कोरीव दगड. पुण्या-सोलापूरकडून गाड्या येतात, फोटो निघतात, मग भिगवणच्या बाजूला चिलापी खाऊन लोक परततात. आम्हीही तेच केलं आणि मासा झकास होता.

पण जे पाहायला आम्ही आनंदाने गेलो, ते दिसत होतं पाणी नसल्यामुळे. देऊळ जितकं उघडं, तितका आमच्या गल्लीतला नळ लांबणीवर. सोलापूर शहराला उजनीचंच पाणी येतं, काही जलवाहिनीने आणि काही नदीत सोडून खालच्या बंधाऱ्यात अडवून. नळाला ते रोज येत नाही. दोन पाण्यांत किती दिवसांचं अंतर, यावर इथल्या बाईचा आठवडा ठरतो. देवळाच्या पायऱ्यांवर भेटलेले एक आजोबा सांगत होते, त्यांचं घर अमक्या दगडाच्या डावीकडे होतं. धरणाआधीचं मूळ गाव ते. त्यांना देऊळ दिसल्याचा आनंदही होता, आणि पाणी किती खाली गेलंय याची काळजीही, कारण आता त्यांच्या मुलाचा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे. एकाच माणसाचं गाव धरणाने बुडवलं आणि शेत पिकवलं. अशा माणसापुढे पर्यटक म्हणून उभं राहताना 'किती सुंदर' हे शब्द तोंडातून सहज निघत नाहीत. निघूच नयेत असं नाही, पण जरा उशिरा निघावेत.

त्याच जलाशयात २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. हौसेची फेरी नव्हती ती, पलीकडे जायची नेहमीची वाट होती. वळवाचा वारा इथे असा अचानक येतो. दुपारनंतर बोटीत बसायचं नाही, हा आमच्या वेळापत्रकातला दुसरा नियम झाला.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. माळढोक आता तिथे दिसलाच तर बातमी होते, पण पहाटे पिवळ्या पडलेल्या गवतात काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगाही. याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी शरद सीडलेस आणि सोनाका ही द्राक्षं दिली. सोनाका म्हणजे सोलापूर, नान्नज, काळे. कोरडं गवत राखायचं की बागा वाढवायच्या, हा इथला खरा वाद आहे आणि काळवीट बघून परतताना द्राक्षं विकत घेणारे आपण दोन्ही बाजूंना असतो. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर ३५९ मुखांचं शिवलिंग आहे आणि आनंद कुंभार यांनी उजेडात आणलेला शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. तिथे सकाळी सातला आमच्याखेरीज चिटपाखरू नव्हतं. अभिजात मराठीबद्दल इतकं बोलणारे आपण तिथे का जात नाही, कोण जाणे.

या सगळ्याची दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. दुपारी झोपायची चैन पगारी माणसालाच परवडते. यंत्रमागावर, विडीच्या कारखान्यात, रस्त्याच्या कामावर असलेल्यांना ऊन टाळता येत नाही. पण म्हणून उन्हाळा नुसता सोसायचा किंवा त्यातून पळायचं, एवढेच दोन मार्ग आहेत असं मी मानत नाही. नळाचं पाणी मोजून भरणाऱ्या शहराच्या वेशीवर कृत्रिम धबधब्याखाली मुलांना नाचवणं, ही तिसरी वाट तर मुळीच नव्हे. थंडावा विकत घेण्याला आपण फिरणं म्हणू लागलो आहोत, आणि त्यात मुलूख बघणं मागे पडलं आहे.

म्हणून मागणं इतकंच. उन्हाळ्यापुरतं तरी किल्ले, बागा आणि अभयारण्यं यांची दारं पहाटे पाचला उघडावीत आणि दुपारी खुशाल बंद ठेवावीत. बागा रात्री दहापर्यंत चालू राहाव्यात. कुडल आणि नळदुर्गसाठी पहाटेची एखादी एसटी सोडावी, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी. प्रत्येक ठिकाणी माठातलं पाणी आणि सावलीला चार कडुनिंब. हे झालं तर मे महिन्यात सोलापूरला या, असं आम्ही पाहुण्यांना न संकोचता सांगू. भाकरी-चटणीची सोय आताही आहे.