ओटीपोटातली कळ आणि चिनी सुई

आषाढात बेडसे गावच्या खाचरांत भातलावणी सुरू झाली की बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. गावावरच्या लेण्याच्या पायऱ्या चढणाऱ्यांना वरून हिरवंगार मावळ दिसतं. त्या वाकलेल्यांपैकी कुणाच्या ओटीपोटात कळ येतेय, कुणाची कंबर भरून आलीय, कुणाचं अंग बाहेर येतंय, हे वरून दिसत नाही आणि पुष्कळदा घरातही कुणाला ठाऊक नसतं. फारच झालं तर कामशेतला जाऊन एक इंजेक्शन घ्यायचं, नाहीतर मेडिकलमधून पाळीच्या गोळ्या आणायच्या. असं काही वर्षं चालतं आणि मग एक दिवस कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाका.

सोसत राहणं हे एक टोक आणि पिशवी काढणं हे दुसरं. या दोन टोकांच्या मधे बाईसाठी आपल्याकडे जवळपास काहीच नाही. चिनी अ‍ॅक्युपंक्चरकडे मी या रिकाम्या जागेतून पाहते. ती जागा सुईने पूर्ण भरेल असं मला वाटत नाही. पण सुईचा विचार करू लागलं की ती जागा किती मोठी आहे ते नीट कळतं.

आधी आपल्या घरचा पुरावा पाहू. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किमान एक तरी आजार होता. त्याआधी तपासणी आणि उपचार मिळालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. दुखणं विचारलं जात नाही तेव्हा काय होतं ते गडचिरोलीने दाखवलं होतं. विचारणारा फक्त शस्त्रक्रियेचाच रस्ता दाखवतो तेव्हा काय होतं ते बीडने दाखवलं. शिवाय पिशवी गेली म्हणजे दुखणं गेलंच असंही नाही. एंडोमेट्रिऑसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, बीजकोशावर किंवा आतड्यांवर वाढतात. पिशवी काढली तरी त्या मागे उरू शकतात. बीजकोशही काढले असतील तर रजोनिवृत्ती अकाली येते, हाडं ठिसूळ होतात, आणि ऐन चाळिशीच्या आत आलेलं म्हातारपण घेऊन ती बाई पुन्हा फडात किंवा खाचरात उभी राहते.

आता चिनी पद्धतीकडे येते. ओटीपोट दुखतं म्हणून आलेल्या बाईला तिथला वैद्य पुष्कळ विचारतो. पाळीआधी दुखतं की नंतर? शेकल्यावर बरं वाटतं का? दाबल्यावर वाढतं की कमी होतं? रक्ताचा रंग कसा असतो, गाठी पडतात का, झोप लागते का? मग तो जीभ पाहतो, दोन्ही मनगटांची नाडी पाहतो. ‘ची’ आणि रक्त यांचा प्रवाह जिथे अडतो तिथे दुखतं, ही त्या शास्त्राची धारणा. शरीराच्या विच्छेदनात त्या वाहिन्या कधी सापडलेल्या नाहीत आणि त्या आहेत असं मी वाचकांना सांगणार नाही. पण सुया टोचल्याने काही घडतं हे खरं. मज्जातंतू चेतवले जातात, वेदना शमवणारी एंडॉर्फिनं शरीरातच स्रवतात. पाळीच्या दुखण्यावर सर्वांत जास्त वापरला जाणारा बिंदू पायाच्या आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर आहे. पोट दुखतंय आणि सुई पायात, हे ऐकून कुणालाही नवल वाटेल. पण त्या भागातून जाणाऱ्या मज्जातंतूची मुळं कण्याच्या ज्या खालच्या भागात आहेत, त्याच्याशीच मूत्राशयाचे आणि ओटीपोटातल्या इतर अवयवांचे तंतू जोडलेले आहेत. घोट्याजवळच्या त्याच मज्जातंतूला विजेची सौम्य चेतना देऊन मूत्राशयाच्या तक्रारींवर आधुनिक वैद्यकही उपचार करतं.

मग सुईने दुखणं थांबतं का? पुरावा संमिश्र आहे आणि तो तसाच सांगायला हवा. पाळीच्या वेदनेवरच्या ४२ चाचण्या, एकूण ४,६४० स्त्रिया, यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये घेतला. बहुतेक चाचण्यांचा दर्जा इतका हलका होता की ठाम निष्कर्ष निघाला नाही. एंडोमेट्रिऑसिस असलेल्या १०६ स्त्रियांवर चीनमध्ये झालेली चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. खऱ्या सुया घेतलेल्यांची पाळीतली वेदना बारा आठवड्यांत लटक्या सुया घेतलेल्यांपेक्षा जास्त उतरली, मात्र उपचार थांबल्यावर तो फरक टिकला नाही. स्वीडनमधली गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. गरोदरपणात कटीच्या हाडांच्या सांध्यांत दुखणाऱ्या ३८६ स्त्रियांवर तिथे चाचणी झाली, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांपेक्षा आणि व्यायामापेक्षाही सुईचा गुण अधिक आला. तीनच वर्षांनी त्याच संशोधकांनी कातडीत न शिरणारी लटकी सुई वापरून तुलना केली, तर वेदनेत फरक दिसेना.

यावरून सुई निव्वळ थोतांड ठरवणारे आहेत. मला तसं वाटत नाही. आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी कुणीतरी बाईची वाट पाहतं, तिला आडवं पडायला सांगतं, तिच्या शरीराला काळजीने हात लावतं, गेल्या खेपेपासून काय झालं ते विचारतं. या सगळ्याचा वेदनेवर परिणाम होत असेल तर तोही उपचारच आहे. तो आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात का मिळू नये, हा प्रश्न सुईच्या वादापेक्षा मोठा आहे.

चिनी औषधी चूर्णांबद्दल मात्र मी इतकी मोकळी नाही. एंडोमेट्रिऑसिससाठी या औषधांना पुराव्याचा आधार नाही, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१७ साली स्पष्ट सांगितलं. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पती घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली, कारण त्यांत अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली वनस्पती मिसळली गेली होती. पुडीत काय आहे हे नक्की कळत नसेल तर ती पुडी घेऊ नये. सुईलाही मर्यादा आहेत. जननेंद्रियांचा क्षयरोग हे आपल्या देशात ओटीपोटातल्या दुखण्याचं आणि वंध्यत्वाचं एक खरं कारण असतं, कधी जंतुसंसर्ग असतो, कधी गाठ असते. आधी निदान व्हायला हवं, सुईचा विचार त्यानंतर. निदानाशिवाय नुसती वेदना मुकी केली तर रोग आत वाढत राहतो.

महाराष्ट्राचा चीनशी वैद्यकाचा संबंध जुना आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकाच्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन सुईची विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली. चीनने १९६० च्या दशकात हजारो ‘अनवाणी डॉक्टर’ खेड्यांत उभे केले, तेव्हा त्यांच्या पिशवीत स्वस्त म्हणून सुयाही होत्या. खेड्यातल्या माणसालाच आरोग्यसेवक करण्याची वाट आपल्याकडे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला चालून दाखवली. पण आपल्याकडे सुई त्या वाटेने आली नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला, केंद्राने २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली, तरी ती प्रामुख्याने शहरातल्या खासगी दवाखान्यांतच राहिली. लावणीच्या दिवसांत बेडशाची बाई आठवड्यातून दोनदा मजुरी बुडवून पुण्याला जाणार नाही.

मावळातल्याच लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं. योगावर त्यांची श्रद्धा होती, तरीही नौली ही पोट घुसळण्याची क्रिया करताना पोटातला दाब किती उतरतो हे त्यांनी यंत्राने मोजलं, शरीरातल्या हालचाली क्ष-किरणांखाली पाहिल्या. याच तालुक्यातली ही रीत सुईला लावावी. मावळातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि नोंदणीकृत अ‍ॅक्युपंक्चरिस्ट यांनी मिळून आठवड्यातून एक दिवस फक्त ओटीपोटाच्या दुखण्यासाठी ठेवावा, प्रत्येकीची नोंद ठेवावी आणि गुण येतो की नाही ते वर्षभराने जाहीर सांगावं.

तोवर वाचकांना एवढंच सांगणं आहे. आपल्या घरात, शेतावर, कामावर येणाऱ्या बाईला कुठे दुखतंय ते विचारा. पिशवी काढायला सांगितली असेल तर कारण लेखी मागा, आणि सही करण्याआधी तिला दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन जा.