पाहुण्याची रसना

प्रवासांत जेथें जावें तेथलें खावें, हा आजच्या सुशिक्षित प्रवाशाचा धर्मच होऊन बसला आहे. जुन्या पिढीचा यात्रेकरू काशीस निघाला म्हणजे पीठ, मीठ व तूप घरचें बांधून घेई आणि परक्याच्या चुलीचा विटाळ मानी. त्याच्या मानानें हनोईस ‘फो’ नांवाचें शेवयांचें सार पिऊन, पुढें ह्युए येथील तिखट ‘बुन बो’साठीं मुद्दाम उतरणारा आजचा मनुष्य अधिक उदार आहे, यांत शंका नाहीं. ज्याच्या घरचें अन्न आपण नाकारतों, त्या मनुष्यासही आपण थोडेंबहुत नाकारीतच असतों. तथापि हें औदार्य जिभेचें कीं मनाचें, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यांतील एका मुक्कामानें आम्हांस टोंचूं लागला.

पुण्याहून निघतांना आम्हीं पदार्थांची यादीच सोबत घेतली होती. गोळाभात व त्यावरील कढत तेलाची फोडणी, गोंवऱ्यांच्या आरावर भाजलेले पानगे व वांग्याची भाजी, वर्धा शहरचा गोरसपाक, आणि सांबारवडी. (या शेवटच्या नांवानें आमच्यासारख्यांची फसगत होते, इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, मद्रासी आमटी नव्हे.) यांतील पुष्कळसें मिळालें व मनापासून रुचलें. परंतु यादींत ज्वारीची भाकर व अंबाडीची भाजी याही होत्या, आणि त्या आर्वीकडील एका खेड्यांत, ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरीं, आम्हीं तोंड उघडून मागितल्या.

मागणें ऐकतांच घरांतील वृद्ध माउलीचा चेहरा उतरला. आंत पुरण शिजत होतें. गुळाचा व वेलदोड्याचा वास ओसरीपर्यंत येत होता. “तुमी येवढ्या दुरून आले, अन् तुमाले भाकर वाढू? लोक का म्हनतीन आमाले?” एवढेंच ती म्हणाली. तिच्या घरीं भाकर ही रोजची गरज होती आणि पुरणाची पोळी हा पाहुण्याचा मान होता. तो मान बाजूस सारून आम्ही तिची गरज चाखावयास मागत होतों. वर आपण किती साधे, असा आमचाच समज!

आदल्याच दिवशीं आम्ही सेवाग्रामची बापूकुटी पाहून आलों होतों. गांधीजी 1936 सालीं तेथें रहावयास आले तेव्हां त्या गांवास सेगांव म्हणत. सेवाग्राम हें नांव 1940 सालीं पडलें. अस्वाद हें आश्रमाच्या अकरा व्रतांपैकीं एक. 1930 सालीं येरवड्याच्या तुरुंगांतून आश्रमवासीयांस धाडलेल्या पत्रांत गांधीजींनीं त्याचें विवरण केलें आहे. औषध जसें चवीकडे न पाहतां बेतानें घ्यावें तसें अन्न घ्यावें, असा त्याचा आशय. आश्रमाच्या पंगतींत मसाल्यावांचून उकडलेली भाजी वाढीत, आणि पाहुण्यासही तीच मिळे. पुरण सोडून भाकर मागतांना हें व्रत आपल्या बाजूचें आहे, असें आम्हांस क्षणभर वाटून गेलें. पण तें नव्हतें. अस्वाद म्हणजे फिकें खाणें एवढाच अर्थ घेतला, तर तें व्रत चार दिवस कोणासही साधेल. कठीण अर्थ हा कीं, ताटांत काय पडावें हें ठरविण्याचा हक्क जिभेनें सोडावा. आम्हीं तो सोडला नव्हता. कुतूहलासही रसना असते. ती साखरेऐवजीं ‘अस्सलपणा’ मागते, इतकाच फरक.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो आम्हांस पोकळ वाटत नाहीं. ती माउली भाकरीस कमी कां लेखीत होती? आमच्यासारख्या शहरवासीयांनीं गव्हास प्रतिष्ठा दिली, म्हणूनच ना? या जिल्ह्याच्या काळ्या रानांत कपाशीच्या जोडीला ज्वारी असे. गेल्या कांहीं दशकांत तिचा पेरा घटला आणि सोयाबीन पसरलें. आतां कोणी आवडीनें भाकर मागितली, तर तें पूर्वीच्या अवहेलनेचें थोडें प्रायश्चित्तच नव्हे काय? असेलही. परंतु प्रायश्चित्त आम्हीं घ्यावें आणि त्याची लाज तिनें सोसावी, हा न्याय कसला? शिवाय अवहेलना इतकी जुनी कीं एका जेवणानें ती फिटेल, असें मानणें हा आणखी एक अहंकार.

आम्हीं क्षमा मागितली व पोळ्या खाल्ल्या. तुपाची धार तिनें स्वतः धरली. पुरे म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. रात्रीं मुक्काम तेथेंच पडला. सकाळीं उठून चुलीपाशीं जाऊन बसलों, तों ती शेतावर न्यावयाच्या भाकरी फडक्यांत बांधीत होती. आम्हीं कांहीं मागितलें नाहीं. घरच्या माणसांच्या, पिकाच्या गोष्टी निघाल्या. बऱ्याच वेळानें तिनें एक चतकोर मोडला, वर अंबाडीची भाजी ठेवली आणि आमच्या हातावर दिला. “तिखट हाय, पानी घ्या जवळ,” असें बजावून ती पुन्हां आपल्या कामास लागली.